मस्कतपासून हजार किलोमीटर

गेल्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सवाला आम्ही मस्कतला आलो होतो. प्रसादाच्या रांगेत पुढच्या एका वहिनींनी विचारलं, "तुम्ही कुठं राहता हो? अल खुवैरला की घुब्रात?" मी म्हटलं, "सलालाला." त्यावर त्या म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे तुम्ही बाहेरगावचे!" आणि मागे वळून वाढणाऱ्या मुलाला सांगितलं, "अरे, हे बाहेरगावाहून आलेत, यांना आधी दे." मला एक मोदक जास्त मिळाला, तक्रार काहीच नाही. पण 'बाहेरगाव' हा शब्द डोक्यात बसला. आपले संपादक रांगेत मागेच होते. ते म्हणाले, "मग त्या बाहेरगावाबद्दल लिहूनच द्या."

मी हो म्हटलं आणि विसरलो. यंदा आठवण झाली ती कंपनीच्या पत्रामुळे. आमचं सलालाचं साइट ऑफिस लहान करायचं ठरलं असून मला मस्कतच्या मुख्य कचेरीत बोलावलं आहे. पगारात वाढ, मोठी खुर्ची. उत्तर सप्टेंबरअखेर द्यायचं. घरात माणसं तीन आणि मतं चार, कारण माझी एकट्याचीच दोन होती.

थोडं मागचं सांगतो. मी रस्ते बांधणारा इंजिनियर. साताऱ्याचा, पुण्यात बी.ई., मग इंग्लंडात एम.एस्सी. २००७ च्या जूनमध्ये 'गोनू' चक्रीवादळ मस्कतवर आलं. त्या वेळी इथे असलेल्यांना ते सांगायला नकोच. कोरड्या वाद्यांना पूर आले, रस्ते कागदासारखे उचकटले गेले. त्या दुरुस्तीसाठी माणसं हवी होती, त्या भरतीत मी आलो. सहा वर्षं मस्कतला काढली आणि २०१३ मध्ये 'सहा महिन्यांसाठी' सलालाला गेलो. त्या सहा महिन्यांची बारा वर्षं झाली. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, आता अकरावीत आहे.

सलाला हे ओमानचं दुसरं शहर. २०२० च्या जनगणनेप्रमाणे मस्कत प्रांतात सुमारे तेरा लाख लोक, तर सलालात सव्वातीन लाखांच्या आसपास. आकडेच काढले तर सीब सलालाहून मोठं भरतं, पण सीब मस्कतपासून वेगळं मोजणं म्हणजे ठाणं मुंबईपासून वेगळं मोजण्यासारखं आहे (ठाणेकरांनी क्षमा करावी). एरवी पहिल्या आणि दुसऱ्या शहराच्या मध्ये गावं असतात, शेतं असतात, लोणावळ्याची चिक्की असते. इथं मध्ये वाळवंट आहे. मस्कतहून निघालं की निझवा, आदम, आणि आदमनंतर काही नाही. खरोखरच काही नाही. निम्म्यावर हैमा नावाचं गाव, तिथं पेट्रोल आणि चहा. पुढे पुन्हा काही नाही, ते थेट थुमरैतपर्यंत. आम्ही पहिल्यांदा गाडीनं गेलो तेव्हा मुलीनं दर अर्ध्या तासाला विचारलं, "आलं का?" आणि मी दर वेळी खरं उत्तर दिलं. बायको अजून म्हणते की मी तेव्हा खोटं बोलायला हवं होतं.

थुमरैतच्या पुढे मात्र जो प्रकार होतो तो मी आजवर शंभरदा पाहिला असेन, तरी सवय झालेली नाही. जुलै-ऑगस्टमध्ये वाळवंटातून ४३ अंशांच्या उन्हात तुम्ही डोंगराच्या माथ्याशी येता. समोर पांढरी भिंत दिसते. गाडी तिच्यात शिरते, काच ओली होते, वायपर लावावे लागतात, आणि दोन-चार वळणांनंतर दोन्ही बाजूंना हिरवेगार उतार. गाई चरताहेत. गाई! आणि त्यांच्या शेजारी, जणू चुकून आलेले, उंट. थर्मामीटर २५ वर. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा काही वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "अरे, हा तर आपला कास-बामणोलीचा रस्ता."

या मोसमाला तिथं 'खरीफ' म्हणतात. हा शब्द आपल्या सात-बाराच्या उताऱ्यावरचा. आपला खरीप आणि रब्बी हे दोन्ही शब्द मूळचे अरबीच. खरीफ म्हणजे शरद आणि रबी म्हणजे वसंत. साताऱ्यातला शेतकरी आणि धोफारच्या डोंगरातला गुराखी पावसाळ्याला एकाच शब्दानं ओळखतात, हे मला चाळिशीच्या तोंडाशी येईपर्यंत माहीत नव्हतं.

तांत्रिक स्पष्टीकरण दिल्याशिवाय इंजिनियरला चैन पडत नाही, तेव्हा थोडक्यात देतो. आपल्या कोकणात येणारा नैर्ऋत्य मोसमी वाराच धोफारच्या किनाऱ्याला घासून जातो. त्या वाऱ्यानं समुद्राचं वरचं पाणी दूर ढकललं जातं आणि तळाचं थंड पाणी वर येतं. त्या गार पाण्यावरून आलेली दमट हवा किनाऱ्यामागच्या कमर, करा आणि समहान या डोंगररांगांना अडते. तिला वर चढता येत नाही, कारण वर वाळवंटाची गरम कोरडी हवा झाकणासारखी बसलेली असते. म्हणून धो धो पाऊस नाही, नुसतं धुकं आणि बुरबुर. झाडं ते धुकं पानांनी गाळून घेतात आणि थेंबाथेंबानं मुळांना पाजतात. डोंगराच्या पलीकडे एक थेंब नाही. २१ जून ते २१ सप्टेंबर असा सरकारी हिशेब आहे, पण ढग कॅलेंडर बघून येत नाहीत.

त्या तीन महिन्यांत दुसरं शहर पहिलं होतं. २०२४ च्या खरीफात दहा लाखांहून जास्त पाहुणे आले, म्हणजे गावाच्या तिप्पट. सौदी, कुवेती, अमिराती नंबरांच्या गाड्यांची रांग लागते, एरवी दहा मिनिटांत होणाऱ्या ऑफिसच्या वाटेला तास लागतो. आणि ही मंडळी करतात काय? चिखलात चटई टाकून भुरभुर पावसात चहा पीत बसतात. छत्री नाही, आडोसा नाही. पाऊस आला की आपण पळत घरात जातो, हे पळत घराबाहेर येतात. पहिल्या वर्षी आम्ही हसलो. तिसऱ्या वर्षी आमच्याही गाडीत चटई होती.

मस्कतबद्दल माझी तक्रार नाही. देखणं शहर आहे. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये सापडलेलं, लांबच लांब, पांढऱ्या बुटक्या इमारतींचं. दुबईसारखी आकाशाला भोकं पाडायची हौस त्याला नाही. रुवीला गेलं की इडली, भेळ, कोल्हापुरी चप्पल सगळं मिळतं. देवळं आहेत, मंडळ आहे, नाटकं येतात, दिवाळी अंक येतात. मुंबई अडीच-तीन तासांवर. हिंदी सगळीकडे चालते, मुतरहच्या बाजारातले जुने ओमानी दुकानदार तर तुमच्या-माझ्यापेक्षा बरी बोलतात. आणि नेमकी हीच गोष्ट मला नंतर खटकली. सहा वर्षांत मी अरबी शिकलो पाच शब्द: सलाम, शुक्रान, खलास, बुकरा आणि साइटवरच्या प्रत्येक बैठकीच्या शेवटी इन्शाल्ला. सहा वर्षांत एकाही ओमानी घरात जेवलो नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं. गरजच पडली नाही. सुट्टीच्या दिवशी आपलीच माणसं, आपलेच वाढदिवस, आपलीच भिशी. डोंबिवलीहून उचलून मस्कतला ठेवल्यासारखे आम्ही सुखात होतो.

सलालात मराठी घरं हाताच्या बोटांवर. बंदरात एक मालवणचे कुटुंब, एक सोलापूरचे शेफ, अधूनमधून बदलीवर येणारे एखादे बँकवाले. मंडळ कसलं, चौघांचा पत्त्यांचा डाव जमला तरी अधिवेशन भरल्यासारखं वाटतं. बाजार मल्याळी लोकांचा. आमची मुलगी मैत्रिणींशी मल्याळममध्ये भांडते आणि जिंकते. आणि शेजार धोफारी. घरमालक म्हातारे डोंगरातले, वरच्या मजल्यावर त्यांचं सगळं खटलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दार वाजवून उंटाच्या मांसाचं ताट पुढे केलं. आम्ही शाकाहारी. हे अरबीत सांगायला माझे पाच शब्द पुरेनात. बायकोनं हातवारे करून सांगितलं, ते हसत वर गेले आणि केळ्यांचा अख्खा घड घेऊन आले.

सलालाची केळी, पपया, शहाळी! समुद्रालगत माडांच्या बागा आहेत, रस्त्याच्या कडेला टपऱ्यांवर शहाळी रचलेली. नैवेद्याला केळीचं पान शेजारच्या बागेतून फुकट येतं. मस्कतकरांनी जळावं अशी ही एकच गोष्ट माझ्याकडे आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. इब्न बतूता चौदाव्या शतकात इथं आला होता. तेव्हा या शहराला जफार म्हणत, त्याचे अवशेष आजच्या अल बलीदला दिसतात. त्यानं इथले नारळ आणि विड्याची पानं यांचं तपशिलानं वर्णन केलं आहे, आणि कालिकतहून इथं यायला अनुकूल वाऱ्यानं अठ्ठावीस दिवस लागले अशीही नोंद केली आहे. म्हणजे इथल्या बागांत आपला माणूस उगीच घुटमळत नाही.

आईची एक फजिती इथंच सांगून टाकतो. धोफार हे लोबानाचं गाव, युनेस्कोनं २००० साली 'लोबानाची भूमी' जागतिक वारशात घातली. ते झाड चमत्कारिक आहे, त्याला खरीफचा गारवा जवळ लागतो पण पाऊस अंगावर नको असतो, म्हणून डोंगराच्या मागच्या कोरड्या बाजूला वाढतं. तर आईला देवापुढे जाळायला ऊद हवा होता. ती बाजारात गेली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "ऊद." दुकानदारानं आदरानं खुर्ची दिली, कुलुपातली पेटी काढली आणि लाकडाच्या तुकड्याची किंमत सांगितली. ती ऐकून आईला खुर्चीचा उपयोग झाला. अरबांचा ऊद म्हणजे अगरू, सोन्याच्या भावाचा. आपल्याला हवा होता तो धुपाचा डिंक. शेवटी पाव किलो लोबान घेऊन घरी आलो, तो साताऱ्याच्या देवघरात अजून पुरतो आहे.

आई दरवर्षी थंडीत तीन महिने यायची, आणि मुलीचं मराठी सगळं तिच्याकडून आलेलं. गल्लीत मराठी नाही, शाळेत मराठी नाही, त्यामुळे भेसळीलाही वाव नाही. परिणाम असा की अकरावीतली मुलगी कपाटाला फडताळ म्हणते आणि बाथरूमला न्हाणीघर. मस्कतच्या स्पर्धेत ती बोलायला उभी राहिली तेव्हा प्रेक्षकांत खसखस पिकली. ती रागावली. मी मात्र खूष होतो.

हे मी ऑफिसात एका धोफारी सहकाऱ्याला सांगितलं तर तो हसला नाही. त्याची घरची भाषा जिबाली. अरबीहून निराळी, येमेनच्या सीमेपलीकडच्या काही भाषांची बहीण, जिभेच्या कडेनं काढायचे विचित्र आवाज असलेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या लिपीवाचून चालत आलेली. जिबाली म्हणजे 'डोंगरी'. त्याच भाषेचं दुसरं नाव उच्चारायला अगदी आपल्या 'शहरी'च्या जवळ जातं. मराठी माणसाची गंमत होते, पण त्याचा शहराशी संबंध नाही. तो म्हणाला, "माझी आई डोंगरात राहते. पोरं तिच्याशी अरबीत बोलतात. ती जिबालीत उत्तर देते. दोघांनाही अर्धं कळतं." मस्कतला बदली झालेल्या त्याच्या भावाच्या मुलांना तर अर्धंही कळत नाही.

सलालाकर मस्कतकडे कसे बघतात हे समजायला थोडा इतिहास लागतो. सुलतान सईद बिन तैमूर १९५८ पासून सलालातच राहिले, मस्कतला परत गेलेच नाहीत, वायरलेसवरून कारभार चालवायचे. म्हणजे १९७० पर्यंत नावाची राजधानी तिकडे आणि हुकूम इकडून. २३ जुलै १९७० रोजी सलालाच्याच राजवाड्यात सत्ता बदलली आणि सलालात जन्मलेले सुलतान काबूस विमानानं मस्कतला गेले. आपली राजधानी त्यांनी तेव्हा पहिल्यांदाच पाहिली म्हणतात. धोफारच्या डोंगरात त्या वेळी बंड चालू होतं, ते मिटायला १९७५ उजाडलं. आमचे घरमालक त्या काळाबद्दल बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, "तेव्हा इथं रस्ता नव्हता. आता तू रस्ते करतोस. चांगलं आहे."

२०१८ च्या मे महिन्यात 'मेकुनू' वादळ सलालावर आलं. रमझान चालू होता. दोन दिवसांत वर्षावर्षाचा पाऊस कोसळला, वीज गेली, विमानतळ बंद झाला, वाद्या समुद्रापर्यंत घोंगावत गेल्या. तळमजल्यात पाणी शिरायला लागलं तेव्हा मालकांच्या मुलांनी काही न विचारता आमची गादी, फ्रीज आणि देव्हारा उचलून वर नेला. देव्हारा नेणाऱ्यानं तो दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. तीन दिवस आम्ही त्यांच्या दिवाणखान्यात राहिलो. इफ्तारच्या ताटात आमच्यासाठी वेगळा भात. चौथ्या दिवशी मी वाहून गेलेले रस्ते मोजायला निघालो, तेव्हा लक्षात आलं की अरबीत मी आता भांडूही शकतो. (त्याच वर्षी २६ जूनला तुमच्या कुरय्यातला रात्रीचं तापमान ४२.६ च्या खाली उतरलं नाही आणि जगभर बातमी झाली. आम्ही पांघरुणं घेऊन ती वाचली.)

इथवर वाचून कुणालाही वाटेल की मग प्रश्नच कुठे आहे, रहा की सलालाला.

२०१९ च्या जानेवारीत वडील गेले. आमच्याकडे पहाटेचे तीन वाजले होते, साताऱ्यात साडेचार. भाऊ म्हणाला, "थांबतो तुझ्यासाठी." सलालाहून मुंबईला थेट विमान नाही. मस्कतचं पहिलं विमान सकाळचं, ते उशिरा सुटलं, मस्कतहून मुंबईचं दुपारचं चुकलं, पुढचं रात्री. मुंबई, मग टॅक्सी, मग घाट. घरी पोचलो तेव्हा दुसऱ्या दिवसाची सकाळ होती. भाऊ दुपारपर्यंत थांबला होता. त्याहून जास्त थांबणं शक्य नव्हतं, हे मला कळतं. मस्कतला असतो तर पोचलो असतो. बायको हे कधी बोलून दाखवत नाही, पण मस्कतचा विषय निघाला की आम्ही दोघंही त्याच दिवसाबद्दल बोलत असतो.

आता आई शहात्तर वर्षांची आहे. विमान बदलणं तिला झेपत नाही, दोन थंड्या ती आलेली नाही. मस्कतला ती येईल. फोनवर तसं म्हणालीसुद्धा, "एकाच विमानात बसवून द्या, मग मी येते." बायकोलाही मस्कत हवं आहे, तिला नाटकात काम करायचं आहे, बारा वर्षं तिनं ते सलालाच्या स्वयंपाकघरात केलं. मुलीला मुळीच नको आहे. ती म्हणते, तिथं सगळे आपलेच असतात, कंटाळा येतो. मी तिला म्हटलं, तुझी आजी तिथं येऊ शकेल. त्यावर ती काही बोलली नाही, नंतर स्वतःच म्हणाली, "मग तू जा आधी."

आणि अखेर झालं तसंच. मुलीची बारावी अर्ध्यात तोडायची नाही असं ठरलं. मी होकार कळवला आहे. नोव्हेंबरपासून मी मस्कतला, आणि या दोघी बारावी संपेपर्यंत सलालाला. ज्याला सलाला सोडायचं नव्हतं तो निघाला, आणि जिला मस्कत हवं होतं ती मागे राहिली. घरमालकांना सांगितलं तेव्हा त्यांनी भाडं कमी केलं. मी म्हटलं, घर तर तेवढंच आहे. ते म्हणाले, माणूस एक कमी झाला ना.

तेव्हा वाचकहो, अल खुवैर किंवा घुब्राच्या बाजूला दोन खोल्यांची जागा कुणाच्या पाहण्यात असेल तर संपादकांकडे निरोप ठेवावा. तळमजला असेल तर उत्तम, थंडीत आई येईल. नारळ आणि केळीची पानं मी घेऊन येईन.